साताऱ्याच्या चढावर विद्युत सायकल : घ्यावी का, आणि घेतल्यास कोणती?

खडूफळा
नमस्कार. मी साताऱ्यात समर्थ मंदिराच्या बाजूला राहतो आणि कोडोलीकडील एका माध्यमिक शाळेत शिकवतो. राजवाडा, राजपथ, पोवई नाका या मार्गाने घर ते शाळा हे अंतर साधारण ७ किलोमीटर भरते. सध्याची स्कूटर आता वरचेवर दुरुस्ती मागू लागली आहे, म्हणून तिच्याऐवजी विद्युत सायकल घ्यावी असा विचार घरात चालू आहे. वडिलांचे वय सत्तर आहे आणि सकाळी मंडईपर्यंत जाण्यासाठी आपणही ती वापरू, असे ते म्हणतात.

दुकानांतून चौकशी केली, तर एकदा बॅटरी भरल्यावर किती किलोमीटर जाते, या पल्ल्याचा आकडा प्रत्येकाने वेगळा सांगितला. किंमत २५ हजारांपासून ५० हजारांपर्यंत कुठेही जाते आणि त्या फरकाचे कारण मला नीट उमगलेले नाही. रोजचे जाणे-येणे १४ किलोमीटरचेच असल्यामुळे कोणतीही सायकल चालेल, असे एका विक्रेत्याचे म्हणणे पडले. ते कितपत ग्राह्य धरावे? नोंदणी, विमा, परवाना यांपैकी काय लागते? आणि बॅटरीचे आयुष्य संपल्यावर पुढे काय करतात? ज्यांनी प्रत्यक्ष वापरली आहे त्यांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

चारभिंती
सर, विक्रेत्याचे म्हणणे अंतरापुरते खरे आहे, परंतु तुमच्या बाबतीत अंतर हा मुख्य प्रश्नच नाही. सातारा शहर अजिंक्यताऱ्याच्या पायथ्यापासून पूर्वेकडे उतरत जाते, त्यामुळे तुमची सकाळ उताराची आणि संध्याकाळ चढाची असणार. म्हणजे बॅटरी भरलेली असते आणि तुम्ही ताजेतवाने असता तेव्हा मोटरची फारशी गरज नाही, आणि बॅटरी उतरलेली असते व तुम्ही दिवसभर फळ्यासमोर उभे राहून दमलेले असता तेव्हा पोवई नाक्यापासून वरचा सगळा चढ समोर येतो. कोणत्याही लिथियम बॅटरीचा दाब ती रिकामी होत जाईल तसा कमी होतो. ३६ व्होल्टची म्हणून विकली जाणारी बॅटरी पूर्ण भरल्यावर ४२ व्होल्ट दाखवते आणि शेवटी शेवटी ३२ च्या आसपास येते. त्या अवस्थेत चढावर जोराची मागणी केली की दाब आणखी खाली दबतो आणि कंट्रोलर बॅटरीच्या रक्षणासाठी पुरवठा तोडून टाकतो. सपाटीवर जी बॅटरी अजून ५ किलोमीटर सहज गेली असती, तीच राजवाड्याच्या अलीकडे हात वर करते.

म्हणून माझी पहिली सूचना अशी आहे, की दुकानदाराने भरलेल्या बॅटरीवर सकाळी दिलेली फेरी ही परीक्षा समजू नये. बॅटरी निम्म्याच्या खाली असताना, पाठीवर रोजची पिशवी घेऊन, पोवई नाक्यावरून समर्थ मंदिरापर्यंत सायकल चालवून पाहू द्या, असे स्पष्टपणे सांगावे. ज्याला आपला माल ठाऊक आहे तो विक्रेता नाही म्हणत नाही.

दुसरी गोष्ट गिअरची. स्वस्त सायकली बहुधा एकाच गतीच्या असतात. त्यांच्यात पायाला हलके करून घेण्याची सोय नसल्यामुळे चढावर पाय मंदावतात, पाय मंदावले की सायकल मंदावते, आणि सगळा भार मोटरवर पडतो. मागे सात चकत्यांचा गिअर असलेली सायकल चार-पाच हजारांनी महाग पडते, पण साताऱ्याच्या वरच्या अंगाला राहणाऱ्याने तेवढे पैसे वाचवू नयेत. हँडलवरचा पडदा किती मोठा आहे, मोबाइलशी जोडणी होते का, अशा गोष्टींसाठी जो जादा पैसा मागितला जातो तो मात्र खुशाल वाचवावा.

पल्ल्याच्या आकड्याविषयी थोडे. तो आकडा बहुधा हलका चालक, सपाट रस्ता, वारा नाही आणि मोटरीच्या मदतीची सर्वांत खालची पायरी अशा परिस्थितीतला असतो. त्यापेक्षा बॅटरीवरचे दोन आकडे वाचावेत. व्होल्ट आणि अँपिअर-तास यांचा गुणाकार केला की वॅट-तास मिळतात. ३६ व्होल्ट आणि १० अँपिअर-तास म्हणजे ३६० वॅट-तास. आपणही पायडल मारत असाल तर किलोमीटरला साधारण १० वॅट-तास धरावेत, पायडल न मारता नुसत्या थ्रॉटलवर (हँडलवरची मूठ पिळून) बसून जायचे असेल तर दीडपट किंवा त्याहून अधिक. मग जाहिरातीतला आकडा पाहण्याची गरज उरत नाही. काही सायकलींत ६ अँपिअर-तासांच्याही खालची बॅटरी असते. ती तुम्हाला पुरेल, पण रोज तळाशी जाईल आणि लवकर थकेल.

वायंडिंगवाला
मी माधवनगरला मोटरी भरण्याचे काम करतो. सायकलींच्या मोटरीही दुरुस्तीला येतात, म्हणून लिहितो.

चारभिंती यांनी दाबाचे सांगितले ते बरोबर आहे, पण चढ बॅटरी खातो ही जी सर्वसाधारण समजूत आहे ती आकड्यांनी तपासून पाहावी. चालक, सायकल आणि पिशवी मिळून १०० किलो धरा आणि घरापर्यंतची चढण १०० मीटर उंचीची धरा. एवढे वजन एवढ्या उंचीवर न्यायला लागणारी ऊर्जा सुमारे २७ वॅट-तास भरते, म्हणजे ३६० वॅट-तासांच्या बॅटरीचा तेरावा हिस्सा. मोटरमधील गळती धरून ती ४० करा, तरीही फार मोठी नाही. मग चढावर सायकली का बंद पडतात? कारण प्रश्न ऊर्जेचा नसून शक्तीचा आणि उष्णतेचा आहे.

१०० मीटर पुढे गेल्यावर १० मीटर वर नेणारा रस्ता घ्या. त्यावर तेच १०० किलो वजन ताशी ९ किलोमीटरने नेण्यासाठी केवळ चढापोटी सुमारे २४५ वॅट लागतात. ताशी २५ ने जायचे म्हटले तर ६८० वॅट लागतील. आपल्याकडे नोंदणीशिवाय चालणाऱ्या सायकलीच्या मोटरीची मर्यादा २५० वॅट आहे, तेव्हा तिच्याकडून दुसरी अपेक्षा करणे व्यर्थ आहे. ताशी ९-१० ने, पायाची ७५ ते १०० वॅटची साथ देत गेलात तर मोटर तो चढ काढते. थ्रॉटल पूर्ण पिळून पाय स्थिर ठेवलेत, तर वेग चार-पाचवर येतो आणि तिथेच नुकसान होते. चाकाच्या तुंब्यात (हबमध्ये) बसवलेली मोटर तिच्या ठरलेल्या वेगाच्या बरीच खाली फिरू लागली, की आत जाणाऱ्या विजेपैकी मोठा वाटा फिरवण्यात न जाता तांब्याच्या वेढ्यांत उष्णता होऊन साचतो. तुंबा बंद असल्यामुळे ती उष्णता बाहेर पडायला वाट नसते. माझ्याकडे येणाऱ्या मोटरींत वेढे जळालेल्या थोड्याच असतात, पण तापून आतले प्लास्टिकचे दाते झिजलेल्या आणि फिरण्याची जाणीव देणारे हॉल सेन्सर गेलेल्या पुष्कळ असतात.

ज्या सायकलींत मोटर मधोमध, पायडलच्या जागी असते, त्यांत तिची शक्ती चेनमधून आणि गिअरमधून जाते. त्यामुळे चाक सावकाश फिरत असले तरी मोटर तिच्या सोयीच्या वेगाने फिरत राहते. चढासाठी हीच रचना उत्तम. पण तिची किंमत खडूफळा सरांनी सांगितलेल्या मर्यादेत बसणार नाही आणि तिच्यात चेन व फ्रीव्हील लवकर झिजतात. शहरापुरत्या वापराला चाकातली मोटर आणि सात गिअर हे पुरेसे आहे, फक्त मोटर चालवत आहे असे न समजता ती मदत करत आहे असे समजून पाय चालू ठेवावेत.

यवतेश्वरी
वरील हिशेबाला प्रत्यक्ष पुस्ती जोडतो. बोगद्यापासून यवतेश्वरचा घाट मी अशाच २५० वॅटच्या, गिअर असलेल्या सायकलीने नियमित चढतो. हिल मॅरेथॉनचे धावपटू ज्या घाटाने धावतात तोच हा रस्ता. खालचा गिअर, मदतीची मधली पायरी आणि वाटेत एक थांबा एवढे पाळले तर मोटरीच्या तुंब्याला हात लावता येतो इतपतच ती गरम होते. थांब्याची लाज बाळगू नये. पुढे कासपर्यंत जाणाऱ्यांनी मात्र परतीचा उतार लक्षात घेऊन ब्रेक आधी पाहून घ्यावेत, कारण २२-२४ किलोची सायकल साध्या सायकलीसारखी थांबत नाही. उतारावर बॅटरी परत भरते असे काही विक्रेते सांगतात. गिअर असलेल्या तुंब्याच्या मोटरीत एकाच दिशेने पकडणारा क्लच असतो, त्यामुळे उतारावर मोटर फिरतच नाही. मग ती भरणार कुठून?

मिरजकर
आमच्या बाजूचा अनुभव वेगळा आहे, तोही नोंदवून ठेवतो, कारण हा धागा सांगलीकरही वाचतील. मिरज ते सांगली हा विश्रामबागवरून जाणारा रस्ता जवळपास सपाट आहे. येथे एका गतीची, साधी, कमी किमतीची सायकलही व्यवस्थित चालते आणि गिअरसाठी जादा पैसे घालण्याचे कारण मला दिसत नाही. आमचा शत्रू चढ नसून ऊन आहे. एप्रिल-मे महिन्यांत सायकल दिवसभर उघड्यावर उभी राहिली तर बॅटरी हाताला चटका देते, आणि लिथियम बॅटरी उष्णतेत व त्यातही पूर्ण भरलेल्या अवस्थेत सर्वांत वेगाने म्हातारी होते. म्हणून काढता येणारी बॅटरी घ्यावी आणि कार्यालयात पोहोचल्यावर ती काढून टेबलाखाली ठेवावी. नळीच्या आत कायमची बसवलेली बॅटरी दिसायला सुबक असते, पण तिच्यासाठी अख्खी सायकल सावलीत आणि अख्खी सायकल चार्जिंगच्या खटक्यापाशी न्यावी लागते. दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्याने हा विचार आधी करावा.

पुराचेही सांगतो. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाण्याची पातळी ४० फुटांवर गेली की इशारा आणि ४५ फुटांवर धोका मानला जातो. २०१९ आणि २०२१ या दोन्ही पुरांत वाहनतळातल्या गाड्या बुडाल्या. नदीकाठच्या पेठांत राहणाऱ्यांनी पाणी ४० कडे जाऊ लागताच बॅटरी व चार्जर वर न्यावेत. सायकल भिजली तर धुऊन, सुकवून, बेअरिंग बदलून पुन्हा चालते. पुराच्या पाण्यात बुडालेली बॅटरी मात्र सुकवून पुन्हा चार्जिंगला लावण्याचा प्रयोग कोणीही करू नये, कारण आतला गंज काही दिवसांनी शॉर्ट करतो आणि आग लागू शकते.

खडूफळा
सर्वांचे आभार. चढाविषयीची माझी समजूत वायंडिंगवाला यांच्या आकड्यांनी बदलली. आता एक नवीनच पर्याय समोर आला आहे. आमच्या ओळखीतील एक कारागीर जुन्या सायकलीला किट बसवून देतो. तो म्हणतो, की २५० वॅटच्या नादी न लागता ४८ व्होल्ट आणि ५०० वॅटचे किट घ्या, कोणताही चढ न थांबता चढेल आणि सपाटीवर ताशी ४० चा वेग मिळेल. खर्चही नव्या सायकलीपेक्षा कमी येतो. यात काही अडचण आहे का?

संगम माहुली
अडचण आहे आणि ती लहान नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांत बॅटरीवर चालणाऱ्या वाहनाची जी व्याख्या दिली आहे, तिच्यात बसणारे वाहन मोटार वाहन मानले जात नाही. त्यासाठी मोटरीची ३० मिनिटांची शक्ती (सलग अर्धा तास देता येणारी) २५० वॅटपेक्षा कमी, कमाल वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी आणि बॅटरी वगळता वाहनाचे वजन ६० किलोच्या आत असावे लागते. पायडलला साथ देणाऱ्या सायकलीच्या बाबतीत वेग वाढेल तशी मोटरीची मदत कमी होत जाऊन ताशी २५ किलोमीटरला, किंवा चालकाने पायडल मारणे थांबवताच, ती बंद पडली पाहिजे. पुरेसे ब्रेक आणि प्रकाश परावर्तित करणाऱ्या पट्ट्याही हव्यात. हे सर्व जुळते आहे की नाही ते मान्यताप्राप्त चाचणी संस्था तपासते. पुण्याची एआरएआय ही त्यांपैकी एक आहे. दुकानातून नवी सायकल घेताना त्या प्रमाणपत्राची प्रत मागावी.

या व्याख्येत बसणाऱ्या सायकलीला नोंदणी, वाहन परवाना आणि विमा यांची सक्ती नाही. पण ५०० वॅट आणि ताशी ४० किलोमीटर म्हटले, की ती सायकल कायद्याच्या दृष्टीने मोटार वाहन होते आणि मग तिन्ही गोष्टी लागतात. घरी किट बसवलेल्या सायकलीची नोंदणी होण्यासारखी नसते. म्हणजे आपण विनानोंदणी, विनाविमा मोटार वाहन रस्त्यावर चालवत असतो. पोलिसांनी अडवण्याचा प्रश्न त्यामानाने किरकोळ आहे. राजपथावर एखाद्या पादचाऱ्याला धक्का लागून त्याचा पाय मोडला, तर तृतीय पक्षाचा विमा नसल्यामुळे भरपाईची सगळी जबाबदारी चालकाच्या घरादारावर येते. शिक्षकी पेशातील माणसाने हा धोका पत्करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

अनुदानाविषयी कोणी आशा लावून बसले असेल तर तेही सांगतो. केंद्राच्या फेम-२ योजनेत दुचाकीला ताशी ४० किलोमीटरच्या किमान वेगाची अट होती, त्यामुळे सायकली आपोआप बाहेर राहिल्या. नोंदणी नको असेल तर अनुदानही नाही, असा तो सरळ व्यवहार आहे.

वायंडिंगवाला
कारागिराच्या दृष्टीने आणखी एक जोडतो. जुन्या सायकलीचा चिमटा आणि मागच्या चाकाच्या खाचा मोटरीचा उलटा पीळ सहन करण्यासाठी बनवलेल्या नसतात. मोटर चाक पुढे ढकलते तेव्हा तिचा आस तेवढ्याच जोराने मागे पिळला जातो. तो पीळ अडवणारा लोखंडी हात लावला नाही, तर आस खाचेत फिरतो, वायर तुटते आणि चाक निसटू शकते. चिमट्यात बसवलेल्या पुढच्या चाकाच्या मोटरीत तर हे जिवावर बेतते. २५० वॅटचे किट, चांगल्या लोखंडी सांगाड्याची सायकल, हा पीळ अडवणारा हात आणि दोन्ही चाकांना उत्तम ब्रेक असे असेल तर किट हा वाईट पर्याय नाही. मीही बसवून देतो. मात्र ताशी ४० चा वेग मागणाऱ्याला मी परत पाठवतो.

जमाखर्च
आता पैशाचे बोलू. सर्वसाधारणपणे विजेच्या खर्चाचा गवगवा फार होतो, म्हणून आधी तोच काढतो. रोजचे १४ किलोमीटर आणि महिन्याचे २५ दिवस धरले तर वर्षाला ४,२०० किलोमीटर होतात. किलोमीटरला १० वॅट-तास म्हणजे ४२ युनिट, चार्जरची गळती धरून ५० युनिट. युनिटला १० रुपये धरले तरी वर्षाचे ५०० रुपये, म्हणजे किलोमीटरला सुमारे १२ पैसे. लिटरला ४५ किलोमीटर जाणारी स्कूटर १०५ रुपयांच्या पेट्रोलवर किलोमीटरला सव्वादोन रुपयांच्या वर घेते. येथपर्यंतचे गणित दुकानदारही करून दाखवतो.

तो जे दाखवत नाही ते असे. ३६० वॅट-तासांची बॅटरी सुमारे ५०० वेळा पूर्ण भरून रिकामी झाली की तिची धारणक्षमता बरीच उतरलेली असते. एका भरणीत ३० किलोमीटर धरले तर तिचे एकूण आयुष्य १५ हजार किलोमीटरच्या आसपास येते. सरांच्या वापराला ती साडेतीन वर्षे पुरेल. नवी बॅटरी १२ हजारांना मिळते असे धरले, तर किलोमीटरला ८० पैसे झाले. म्हणजे विजेवर जेवढा खर्च होतो त्याच्या साडेसहा पट खर्च बॅटरी झिजण्यावर होतो. या वाहनात पेट्रोलची जागा वीज घेत नाही, बॅटरी घेते. शिवाय विद्युत वाहन घेताना वस्तू व सेवा कर ५ टक्के लागतो, पण तीच बॅटरी पुढे सुटी विकत घेताना १८ टक्के लागतो. त्यामुळे दोन सायकलींच्या किमतीत तीन हजारांचा फरक असेल आणि स्वस्त सायकलीची बॅटरी लहान असेल, तर ती स्वस्त नव्हे.

हे सगळे धरूनही किलोमीटरला सुमारे ९२ पैसे आणि टायर, ब्रेक-पॅड, चेन यांचा किरकोळ खर्च, एवढ्यात भागते. स्कूटरचे पेट्रोल, ऑइल आणि विमा यांच्या निम्म्याहून ते कमीच आहे. पण दुकानात सांगतात तसे ‘जवळजवळ फुकट’ हे काही खरे नाही.

हरिपूरकर
जमाखर्च यांनी बॅटरीची किंमत धरली, पण ती मिळेल हे गृहीत धरले. माझे तिथेच अडले. मी घेतलेल्या सायकलीचे मॉडेल कंपनीने तीन वर्षांत बंद केले. नव्या मॉडेलच्या बॅटरीचा आकार वेगळा, जोडाच्या पिना वेगळ्या, आणि जुनी बॅटरी ‘मागवून देतो’ या शब्दावर पावसाळा निघून गेला. शेवटी जुन्याच डब्यात नवे सेल भरून घ्यावे लागले.

त्यातून जे कळले ते सांगतो. ३६ व्होल्टच्या बॅटरीत सेलचे दहा गट एकापुढे एक जोडलेले असतात, आणि त्यांतला एक गट कमजोर झाला तरी रक्षण करणारा सर्किट बोर्ड सगळी बॅटरी बंद करतो. चार सेल बदलून भागवणारे लोक भेटतात. तसे करू नये. जुने आणि नवे सेल एकत्र आले की नव्यांवर ताण येतो आणि काही महिन्यांत पुन्हा तेच. दहाही गट एकाच जातीच्या, एकाच वेळी आणलेल्या सेलचे भरून, सर्किट बोर्डही नवा बसवून घ्यावा. पट्ट्या स्पॉट वेल्डिंगने जोडलेल्या हव्यात. सेलवर थेट सोल्डरचा डाग देणाऱ्याकडे बॅटरी देऊ नये, कारण त्या उष्णतेने सेल आतून बिघडतो.

सर, खरेदीच्या वेळी विक्रेत्याला तीन गोष्टी विचारा. या मॉडेलची सुटी बॅटरी आज दुकानात आहे का, तिची आजची किंमत लेखी द्याल का, आणि हीच बॅटरी तुमच्या आणखी कोणत्या मॉडेलला बसते? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर सर्वांत मोलाचे. एकच बॅटरी चार मॉडेलना बसत असेल तर ती पुढची काही वर्षे मिळत राहण्याची शक्यता वाढते. वॉरंटीच्या कागदावर बॅटरीची मुदत सायकलीपेक्षा वेगळी दिलेली असते, तीही वाचावी.

आणि जुनी बॅटरी भंगारवाल्याला किलोच्या भावाने देऊ नये. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटरी गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकलेली आहे. नवी घेताना जुनी तेथेच द्यावी आणि पावती घ्यावी.

यवतेश्वरी
पावसाचे कोणी लिहिले नाही, म्हणून लिहितो. आयपी ६७ असा शिक्का पाहून लोक निर्धास्त होतात. त्याचा अर्थ १ मीटर पाण्यात अर्धा तास बुडाले तरी आत पाणी जात नाही असा आहे, पण तो शिक्का बहुधा मोटरीपुरता किंवा बॅटरीच्या डब्यापुरता असतो. वायरींचे जोड, हँडलवरचा पडदा आणि बॅटरी जिथे बसते ती पिनांची जागा यांना तो लागू असेलच असे नाही. साताऱ्याच्या पश्चिमेकडे पाऊस दिवस दिवस थांबत नाही. मी जूनच्या आधी सगळे जोड उघडून त्यांत सिलिकॉन ग्रीस भरतो, बॅटरीच्या बैठकीवर रबरी पट्टी लावतो आणि मोठे मडगार्ड घालतो. धुताना प्रेशरचा फवारा कधीही मारू नये. चेन मात्र पावसात दर आठवड्याला पुसून तेल द्यावे लागते.

पंक्चरविषयीही विचारणा होईलच. मागच्या चाकात मोटर असल्यामुळे अनेक पंक्चरवाले हात लावायला तयार होत नाहीत. त्यांना चाक न काढताच टायरची एक बाजू उचकटून ट्यूब बाहेर ओढायला सांगावे, भोक शोधून तिथेच सोल्युशन लावून पॅच बसवता येतो. ट्यूब बदलायची वेळ आली तरच चाक काढावे लागते. त्यासाठी १८ किंवा १९ नंबरचा पाना आपल्याकडे ठेवावा, वायरचा जोड आधी सोडवावा आणि आसावरच्या वॉशरांचा क्रम मोबाइलवर छायाचित्र काढून ठेवावा. जाड टायर घेऊन हवा पुरेशी ठेवली तर ही वेळ क्वचित येते. वजन जास्त असल्यामुळे मागच्या चाकाच्या तारा सैल होतात, तेव्हा पहिल्या दोन महिन्यांत एकदा चाकाचा आऊट काढून घ्यावा.

खडूफळा
इतकी माहिती दुकानात मिळाली नसती. किटचा विचार सोडून दिला आहे. राहिला वडिलांचा प्रश्न. ते पूर्वी रोज सायकल चालवत असत, आता गुडघे दुखतात. त्यांना ही सायकल झेपेल का? आणि शाळेला मे महिन्यात सुट्टी असते, तेव्हा आम्ही गावी जातो. त्या काळात बॅटरी भरून ठेवावी की रिकामी?

चारभिंती
वडिलांविषयी स्पष्ट लिहितो, राग मानू नये. मदत मिळते म्हणून गुडघ्यांना बरे वाटते हे खरे, पण या वयात दोन प्रसंग अवघड असतात, चढून बसण्याचा आणि एकदम सुटण्याचा. मधला दांडा खाली वाकवलेली सायकल घेतली तर पाय वरून टाकावा लागत नाही, आणि तुम्हालाही तिचा काही तोटा नाही. सुटण्याचे मात्र नीट पाहावे. स्वस्त सायकलींत पायडल फिरते आहे एवढेच ओळखणारा सेन्सर असतो, जोर किती लावला हे त्याला कळत नाही. त्यामुळे पायडल थोडे फिरताच मोटर एकदम ढकलते, आणि मंडईच्या गर्दीत ते धोक्याचे आहे. पायाचा जोर मोजणारा सेन्सर असलेली सायकल नैसर्गिकपणे सुटते, पण ती महाग असते. मर्यादेत बसत नसेल तर वडिलांनी मदतीची पायरी सर्वांत खाली ठेवूनच निघावे. ब्रेकची दांडी दाबताच मोटर बंद होते की नाही, ही तपासणी दोन्ही हातांच्या ब्रेकवर वेगवेगळी करून घ्यावी. घरासमोरच्या मोकळ्या जागेत त्यांना आधी आठवडाभर सराव करू द्यावा आणि मग तेच ठरवतील. जिना असेल तर ही सायकल त्यांना उचलायला लावू नये.

सुट्टीसाठी बॅटरी निम्मी भरलेली ठेवावी, सायकलीवरून काढून, घरातल्या सर्वांत थंड खोलीत. पूर्ण भरून ठेवली तर मेच्या उष्म्यात ती नाहक झिजते, आणि पूर्ण रिकामी ठेवली तर स्वतःहून आणखी उतरत जाऊन सर्किट बोर्ड तिला पुन्हा भरू देत नाही. एरवीही चढून आल्या आल्या चार्जर लावू नये, अर्धा तास निवू द्यावी. साधा चार्जर २ अँपिअरचा असतो, त्याला १० अँपिअर-तासांची बॅटरी भरायला पाच-साडेपाच तास लागतात. म्हणून संध्याकाळी जागे असतानाच लावून झोपण्यापूर्वी काढता येतो, रात्रभर जिन्यात लावून ठेवण्याची गरज नाही. दुसऱ्या सायकलीचा चार्जर, पिन बसते म्हणून, कधीही लावू नये. ४८ व्होल्टच्या सायकलीचा चार्जर बाहेरून हुबेहूब तसाच दिसतो.

खडूफळा
काल संध्याकाळी बॅटरीच्या पाच रेघांपैकी दोन उरलेल्या असताना, वह्यांची पिशवी घेऊन, पोवई नाक्यावरून घरापर्यंत सात गिअरची एक सायकल चालवून पाहिली. विक्रेता स्वतः मागून स्कूटरवर आला. वेग ताशी ११-१२ राहिला, राजवाड्यानंतर एक रेघ कमी झाली, पण पुरवठा तुटला नाही आणि घाम आला तो सुसह्य होता. दांडा वाकवलेली, ३६ व्होल्ट व १० अँपिअर-तासांची, काढता येणारी बॅटरी असलेली हीच सायकल घेण्याचे ठरवले आहे. तीच बॅटरी त्यांच्या आणखी दोन मॉडेलना बसते, तसे विक्रेत्याने बिलावर लिहून देण्याचे कबूल केले. स्कूटर लगेच विकत नाही, निदान एक पावसाळा जाऊ देतो. आणखी काही मागून घ्यायचे राहिले आहे का?

हरिपूरकर
बॅटरीच्या कुलपाच्या दोन किल्ल्या मिळतात, त्या दोन्ही ताब्यात घ्या आणि किल्लीवर कोरलेला क्रमांक बिलावर लिहून घ्या. बॅटरीचा आणि सांगाड्याचा क्रमांकही त्याच बिलावर हवा. नोंदणी नसल्यामुळे चोरी झाल्यास सायकल आपली आहे हे दाखवणारा तेवढाच कागद तुमच्याजवळ असतो.

वायंडिंगवाला
आणि मागच्या चाकाच्या वॉशरांचा एक जादा संच. दुकानदाराकडे तो पडलेला असतो आणि मागितल्याशिवाय देत नाही.